देवबागला जाण्याचा बेत : मालवण किनाऱ्यावरील प्रवासाचा ऋतू, साधने आणि यजमान

प्रस्तावना

कोकण किनाऱ्याच्या इतिहासलेखनात बंदरे, किल्ले, आरमार आणि व्यापार यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे प्रवाशाला मिळालेले नाही. मालवणच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी, कोल्हापूरकर छत्रपतींची तेथील सत्ता, १८१२ च्या तहाने मालवणचे ब्रिटिशांकडे झालेले हस्तांतर हे टप्पे अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु मालवणला जाऊ इच्छिणारा सामान्य माणूस तेथे केव्हा, कसा आणि कोणाच्या भरवशावर जात असे, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. प्रवासाचा बेत ही वरकरणी खाजगी बाब वाटते. तथापि बेत आखताना माणूस ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्यांवरून त्या काळातील साधने, समाजरचना आणि निसर्गाशी असलेले नाते यांचा बराच बोध होतो.

प्रस्तुत लेखात मालवण शहर आणि त्याच्या दक्षिणेस असलेले देवबाग हे गाव यांच्या संदर्भात या बेताचा मागोवा घेतला आहे. वाहतुकीची साधने बदलली आणि त्यासरशी किनाऱ्यावरील प्रवास ऋतुचक्रातून मुक्त झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात ऋतू फारसा बदललेला नाही. बदलले ते यजमान आणि पाहुणा यांचे नाते, आणि या बदलाचा भार ज्या भूमीवर पडला, ती भूमी मुळातच अस्थिर आहे.

भूमी आणि पाणी

सह्याद्रीतून पश्चिमेकडे येणारी कर्ली नदी समुद्राजवळ पोहोचल्यावर त्यास थेट मिळत नाही. ती दक्षिणेस वळते आणि काही अंतर किनाऱ्यास समांतर वाहून मग समुद्रात शिरते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जी चिंचोळी पट्टी शिल्लक राहते, तिच्यावर उत्तरेस तारकर्ली आणि दक्षिणेस देवबाग वसले आहे. पट्टीच्या टोकाला संगम. पलीकडच्या तीरावर भोगवे, त्याच्या दक्षिणेस निवती. देवबागात शिरण्याची जमिनीवरील वाट एकच, ती उत्तरेकडून मालवणहून येणारी. गावातून जाताना एका बाजूस समुद्राची गाज ऐकू येते, तर दुसऱ्या बाजूस माडांच्या आड खाडीचे संथ पाणी दिसते. अशा वाळूच्या दांड्यांची घडण लाटा, भरती-ओहोटी आणि नदीने आणलेला गाळ यांच्या परस्पर तोलावर अवलंबून असते. हा तोल बिघडला की दांडा एका जागी झिजतो आणि दुसरीकडे वाढतो.

मालवणचा समुद्रही प्रवाशाला सहज जवळ करणारा नाही. बंदरासमोर पाण्यात खडकांची दाटी आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती याच खडकांचा विचार करून. परक्या गलबताला घातक ठरणारे हे खडक वाटा ठाऊक असलेल्या स्थानिक नावाड्याला संरक्षण देत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्येही मालवणचे वर्णन प्रामुख्याने नौकानयनाच्या दृष्टीने आले आहे. प्रशासकासाठी प्रशासकाने लिहिलेल्या त्या ग्रंथात प्रवासी क्वचितच भेटतो. पण खडकांमधून आत येण्याची वाट स्थानिकाच्या ज्ञानावर अवलंबून आहे, ही जाणीव तेथेही आहे. मालवणला जाणे म्हणजे आधी तेथील कोणाला तरी ठाऊक असणे, हे सूत्र पुढे दीर्घकाळ टिकले.

आगबोटीचे पंचांग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि कोकणातील बंदरे यांच्यात आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव या वाहतुकीशी दीर्घकाळ जोडलेले राहिले. त्याच काळात मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या आणि तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा काही भाग समाविष्ट होता, हजारो माणसे गिरण्यांत, गोदीत, घरकामात आणि कारकुनीत शिरत होती. आगबोटीचा मुख्य उतारू हा चाकरमानी होता. निसर्गदर्शनासाठी येणारा प्रवासी त्या काळी अपवादानेच आढळतो. जो येई तो आपल्याच घरी येई.

या प्रवासाचा बेत समुद्राच्या पंचांगावर ठरत असे. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी बंद होत आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू होत. त्यामुळे वर्षाचे दोन भाग पडत. मे महिन्यात गावी आलेल्या माणसाला मुंबईच्या नोकरीवर वेळेत परतायचे असेल, तर शेवटच्या बोटीचा दिवस लक्षात ठेवूनच लग्नकार्य, घराची शाकारणी, कुळदेवतेचे दर्शन उरकावे लागे. ती बोट चुकली तर घाट चढून कोल्हापूर गाठणे आणि तेथून आगगाडी धरणे हाच मार्ग उरे. कोल्हापूर १८९१ मध्ये मिरजमार्गे रेल्वेने जोडले गेल्यावर हा पर्याय थोडा सुसह्य झाला, इतकेच. गणेशचतुर्थीचा पेच याहून अवघड. भाद्रपदात समुद्र पुरता शांत झालेला नसतो आणि चाकरमान्याला तर काहीही करून चतुर्थीपूर्वी घरी पोहोचायचे असते. बोटी सुरू झाल्या की नाहीत, ही बातमी मुंबईतील गाववाल्यांच्या खोल्यांमधून त्या दिवसांत किती उत्सुकतेने फिरत असेल, याची कल्पना करता येते.

पावसाळ्यातील समुद्राविषयीची ही सावधगिरी अनाठायी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो प्रवास अवघ्या काही तासांचा होता. कोकणातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणीत ही घटना रुतून बसली आहे.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत ती मालवणला येई. तेथे खडकांमुळे ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव व होड्या तिच्याकडे जात. हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात उतरणे हा प्रवासाचा सर्वांत कठीण भाग. लहान मुले हातोहात खाली दिली जात, ट्रंका आणि वळकट्या दोराने सोडल्या जात. बोटीच्या प्रवासाची आज जी रम्य वर्णने ऐकू येतात, त्यांत डेकवरची गर्दी, बोट लागल्याने आडवी झालेली माणसे आणि सामानाच्या ढिगांमधून काढलेली रात्र यांचा विसर पडलेला असतो. मालवणच्या किनाऱ्यावर उतरल्यावर देवबागकराला पुढची वाट वाळूतून पायी किंवा होडीने काटावी लागे. या अखेरच्या टप्प्यासाठी घरचे माणूस बंदरावर आलेले असणे आवश्यक होते. म्हणून बेत आखण्याचे खरे साधन तिकीट नव्हतेच. ते होते आधी पाठवलेले पत्र.

या व्यवस्थेत यजमान आणि पाहुणा यांच्यात देणेघेणे होते, परंतु दर नव्हता. मुंबईहून येणारा कापडचोपड, औषधे, मनीऑर्डरने न पाठवलेली रोकड घेऊन येई आणि जाताना सुकी मासळी, कोकम, काजू, आंब्याची करंडी घेऊन जाई. मालवण तालुक्यातील कितीतरी घरांचा वर्षाचा ताळेबंद या दोन फेऱ्यांवर जुळत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशा बोटींनी ही वाहतूक काही काळ चालवली. एस.टी.ने १९४८ नंतर घाटरस्ते आणि खेडी जोडत नेली, मुंबई-गोवा महामार्ग वापरात आला, तसतसा बोटींचा उतारू घटत गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस किनाऱ्यावरील ही प्रवासी सेवा थांबली. बंदर म्हणून मालवणचे प्रवाशांच्या जीवनातील स्थान तेथेच संपले आणि मालवण हे घाटमाथ्याकडून किंवा महामार्गाकडून ‘खाली’ उतरून जाण्याचे गाव बनले. एका सागरी शहराच्या इतिहासातील ही उलथापालथ फारशी चर्चा न होता घडून गेली, हे नवलच म्हणावे लागेल.

रूळ कोणासाठी?

कोकण रेल्वेची मागणी अ. ब. वालावलकर यांनी आयुष्यभर लावून धरली, बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ती लोकसभेत मांडली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधून झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो खुला करण्यात आला. या दीर्घ लढ्याच्या केंद्रस्थानी चाकरमानी आणि कोकणचा आर्थिक विकास हे विषय होते; पर्यटक त्यात नगण्य होता. मात्र मार्ग पूर्ण होताना त्याचा नवा वापरकर्ताही तयार झालेला होता. ३० एप्रिल १९९७ रोजी, म्हणजे लोहमार्ग खुला होण्यापूर्वी जेमतेम नऊ महिने, सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला.

लोहमार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या बाजूने गेला आहे. कणकवली, सिंधुदुर्ग (ओरोस) आणि कुडाळ ही मालवणला सोयीची स्थानके. तेथून एस.टी. किंवा रिक्षाने किनारा गाठावा लागतो. पडावाची जागा या शेवटच्या टप्प्याने घेतली. आणि समुद्राचे पंचांग? ते रुळांवरही लागू झाले. दरडी, कापणी केलेल्या डोंगरउतारांवरील भूस्खलन आणि अतिवृष्टी यांमुळे कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक लावते आणि त्या काळात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो. एवढा खर्च आणि एवढे अभियांत्रिकी कौशल्य पणाला लावूनही पावसाचा अधिकार मान्य करावा लागला, ही बाब या अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

चतुर्थीचा जुना पेचही नव्या रूपात परत आला. शेवटची बोट जाऊन तिच्या जागी आरक्षणाचा पहिला दिवस आला. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. कोकणकन्या, मांडवी यांसारख्या गाड्यांची गणपतीतील आसने मिळवण्यासाठी चाकरमानी आणि पर्यटक आता एकाच रांगेत उभे असतात, फक्त ही रांग दिसत नाही.

विमानाविषयी थोडेच. चिपी-परुळे येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. तेथील सेवेत वारंवार खंड पडत गेला. हा विमानतळ कर्लीच्या दक्षिणेस आहे. देवबागहून तो कर्लीपलीकडे फार दूर नाही, पण रस्त्याने तेथे जायचे तर नदीच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो. जिल्ह्याचे नियोजन करताना जलमार्ग विसरला गेला, याचा हा एक बोलका पुरावा मानता येईल.

एक किनारा, तीन खाती

पर्यटन जिल्ह्याच्या घोषणेपूर्वी याच किनाऱ्याविषयी आणखी दोन निर्णय झाले होते. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर मर्यादा आल्या. पहिल्या निर्णयामागे वन्यजीव संरक्षणाचा कायदा होता, दुसऱ्यामागे पर्यावरण संरक्षणाचा, आणि १९९७ च्या घोषणेमागे महसूल व रोजगाराची अपेक्षा. तीन निर्णय तीन खात्यांनी, तीन वेगळ्या उद्देशांनी घेतले. ज्या गाबित मच्छीमाराच्या जीवनाला तिन्ही भिडत होते, त्याला ते एकत्र वाचावे लागले. अभयारण्यामुळे मासेमारीवर बंदी येईल या भीतीने स्थानिकांचा विरोध सुरू झाला. नियमन क्षेत्रामुळे स्वतःच्या घराची दुरुस्तीही अडते की काय अशी शंका निर्माण झाली. आणि त्याच वेळी याच घरात पाहुणे ठेवा, असे शासन सांगू लागले. मच्छीमारांच्या विरोधाला अडाणीपणा म्हणून बाजूला सारणारे लेखन आढळते. ते अन्यायकारक आहे.

खोली, न्याहारी आणि रापण

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ ची. तारकर्लीतील त्याचे निवासस्थान आणि महामंडळाची न्याहारी-निवास योजना यांमुळे या पट्टीवर परका पाहुणा प्रथमच मोठ्या प्रमाणात मुक्कामाला राहू लागला. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी बोली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांच्या कानी घातली, तिचाही या ओढीत वाटा असावा. गावात आधी बोली पोहोचली, मग जेवण, मग किनारा, असे नव्हे. प्रेक्षकाच्या मनात मात्र क्रम बहुधा तसाच होता.

देवबागात माजघराशेजारी एक खोली वाढली, मग दुसरी, मग वेगळे शौचालय आणि पुढे मागील दारी स्वतंत्र इमारत. चाकरमान्यासाठी राखलेली खोली मे महिन्यात भाड्याने जाऊ लागली आणि घरच्याच मुलाला चतुर्थीला येण्यापूर्वी विचारून यावे लागले, अशी स्थितीही काही घरांत आली. या बदलाचे श्रम मुख्यतः स्त्रियांनी उचलले. बाजारात मासळी विकणाऱ्या, जाळी विणण्यास हातभार लावणाऱ्या स्त्रियाच आता पहाटेपासून घावणे, आंबोळ्या, दुपारी माशाची कढी, सोलकढी आणि रात्री वडे-सागोती यांच्या रांधपात गुंतल्या. पर्यटनाच्या अहवालांत खोल्यांची आणि खाटांची गणना असते; चुलीपुढच्या तासांची नोंद मात्र त्यांत येत नाही.

किनाऱ्यावर दोन व्यवसायांचे तास एकमेकांस भिडले. रापण हा सामुदायिक मासेमारीचा जुना प्रकार. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि दोन्ही टोकांचे दोर धरून अनेकांनी मिळून ते किनाऱ्याकडे ओढायचे. मिळालेली मासळी वाट्यांनुसार विभागायची. त्यासाठी मोकळा, लांब आणि उताराचा किनारा लागतो. पर्यटकालाही नेमका तोच हवा असतो. रापणीचा दोर ओढण्यास पाहुणे हौसेने हात लावतात आणि छायाचित्रे घेतात, हे दृश्य आता नेहमीचे आहे. परंतु रापण मागे पडली ती पर्यटनामुळे नव्हे. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी यांनी किनाऱ्याजवळचे थवे उचलले, हे रापणकरांचे जुने गाऱ्हाणे आहे. पर्ससीनवर निर्बंध घालणारा राज्य शासनाचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निघाला. अंमलबजावणीविषयीची तक्रार त्यानंतरही थांबली नाही. ज्या कुटुंबाला मासळी पुरेनाशी झाली, त्याने तीच होडी पाहुण्यांना संगम आणि डॉल्फिन दाखवण्यासाठी फिरवली. पर्यटनाने मच्छीमाराला समुद्रापासून तोडले, असे सरसकट म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. अनेकांना त्याने समुद्रावर टिकवून धरले, हेही खरे.

आणि पुन्हा पंचांग. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि जलक्रीडा साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. शंभर वर्षांपूर्वी चाकरमान्याने ज्या महिन्यांत देवबागचा बेत टाळला असता, नेमके तेच महिने आजही वगळावे लागतात. फरक एवढाच की पूर्वी हे येणाऱ्याला घरूनच ठाऊक असे. आता जुलैत येऊन होडी का सोडत नाही म्हणून होडीवाल्याशी हुज्जत घालणारा पाहुणाही भेटतो.

सरकणारी वाळू

संगमावर ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा उंचवटा ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने प्रसिद्ध आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तो वर आणला, असे पर्यटकांना सांगितले जाते. नदीमुखाशी असे दांडे येणे-जाणे ही नित्याची प्रक्रिया असल्याने या कथेकडे सावधपणे पाहावयास हवे. कथा खरी असो वा नसो, बेटाचे नाव मात्र पाहुण्यासाठी घडले आहे, यात शंका नाही.

हीच वाळू गावाच्या पश्चिम अंगाला उलट वागते. देवबागच्या समुद्राकडील बाजूची धूप हा अनेक वर्षांचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०१९ मधील क्यार आणि मे २०२१ मधील तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळी त्याची तीव्रता राज्यभर कळली. धूप थांबवण्यासाठी दगडांचे बंधारे घालण्यात आले. बंधाऱ्याने मागचे घर वाचते, पण पुढचा पुळण भाग अरुंद होतो, होडी वर ओढायला जागा राहत नाही आणि लाटांचा जोर बंधाऱ्याच्या टोकाशी जाऊन शेजारच्या वाडीला लागतो. त्यामुळे बंधारा कोठे संपवायचा, हा देवबागसारख्या गावात अभियंत्याइतकाच शेजाऱ्यांमधला प्रश्न बनतो.

पाण्याचा प्रश्न याहून कमी दिसणारा. वाळूच्या अशा पट्टीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरीतून रहाटाने किंवा घागरीने उपसा होई तोवर तोल टिकत असे. पंपाने, आणि तोही नेमका एप्रिल-मे मध्ये, पाहुण्यांच्या अंघोळींसाठी उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. शोषखड्ड्यांची संख्या वाढल्यास तेच पाणी दूषित होण्याचा धोका असतो. एका हंगामात गावाने किती माणसे सामावून घ्यावीत, याचा हिशोब खोल्यांवरून केला जातो. तो विहिरींवरून करण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा मालवण-तारकर्ली परिसरात झाला आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून सिंधुदुर्गाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. या घटनांनी मालवणकडे येणारा ओघ वाढतो. देवबागचा रस्ता मात्र अजून एकच आहे, आणि संगमाजवळचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात आपली जागा बदलतो. त्यामुळे भाद्रपदाच्या सुमारास होड्या पाण्यात उतरल्या की पाहुण्यांचे आरक्षण झालेले असो वा नसो, होडीवाल्याला आधी रिकामी होडी घेऊन मुखाशी जावे लागते आणि यंदा खोल पाणी कोणत्या बाजूला राहिले आहे, ते पाहून यावे लागते.